वाकडं मनगट

"दाब इथं," म्हणत ती आपलं वाकडं मनगट समोरच्या बाईच्या हातात द्यायची. "आता सांग, पिशवी काढतं?"

शेलूबाजारजवळच्या उपकेंद्रात मी नर्स, ती गावची आशाताई. आपल्याकडची रीत तुम्हीही पाहिली असेल. दोन लेकरं झाली, अंगावरून जास्त जायला लागलं, की गर्भपिशवी काढून मोकळं व्हायचं. ती तिशीतच मोकळी झाली. डॉक्टरने पिशवीसोबत अंडाशयही काढले. आधी तिने मला विचारलं होतं. "काढून टाक, आता काय काम तिचं," असं मीच म्हणाले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

चाळिशीत तिचं पोट सुटलं आणि भरली कळशी उचलताना मनगट मोडलं. कारण तिला पुढे एका प्रशिक्षणात कळलं.

"सिस्टर, हाडाच्या आत कच्च्या पेशी असतात. बाईचं हार्मोन त्याइले हाड बनवाले लावते. अंडाशय गेले, हार्मोन गेलं, अन् त्यातल्या कितीक पेशी चरबी बनून बसल्या. लोक म्हनतात मी फुगली. मी आतून पोकळ झाली!"

तेव्हापासून ती पेटलीच. खरी गरज असेल तर ऑपरेशनला स्वतः सोबत जायची, नाहीतर आडवी यायची. एकदा एक सासू बत्तीस वर्षांच्या सुनेला घेऊन निघाली, तर ही थेट जीपपुढे उभी.

"सरक बाजूले. लेकरं झाले तिचे. पिशवी ठेवून काय करते आता?"

"मावशी, जेवन झालं म्हनून चूल फोडता काय?"

जीपवाला हॉर्न वाजवून थकला. शेवटी सुनेला सरकारी दवाखान्यात नेलं, तपासलं, गोळ्यांनी रक्त थांबलं. खासगी डॉक्टरचा मला फोन आला, तुमची आशा माझे पेशंट पळवते म्हणून.

"लेखी द्या म्हना त्याले," ती म्हणाली. "मी बी लेखी उत्तर देतो, याच मोडक्या हातानं."

मागच्या उन्हाळ्यात ती अंगणात घसरली आणि खुबा मोडला. अंथरुणावरूनही विचारायची, "कोनाले सांगतली का पिशवी काढाले?" ती पुन्हा उठली नाही. पावसाळ्याआधीच गेली.

परवा एक बाई ऑपरेशनची चिठ्ठी घेऊन आली. काय बोलावं, याची मी जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात रांगेतून ती जीपमधली सून पुढे आली आणि तिने आपलं सरळ मनगट त्या बाईच्या हातात दिलं.

"दाब," ती म्हणाली. "हे आशाताईनं राखलं."