न ओरडता आलेली चाकं

माझ्या मामाला कारखान्यात सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आतून थोडं आवडतही होतं.

कारखाना हॉस्पिटलच्या खाटा बनवायचा. खरं तर जोडायचा. पाइप एकीकडून यायचे, मोटर दुसरीकडून, स्प्रिंगा तिसरीकडून, चाकं आणखी कुठून तरी. यातलं एक जरी अडकलं की अख्खी लाइन ठप्प, आणि माणसं हातावर हात धरून बसलेली. तसं होऊ नये म्हणून पुरवठादारांच्या मागे लागणं हे मामाचं काम. खरेदी विभागात त्याला टेबल होतं, खुर्ची होती, पण सगळी भिस्त फोनवर आणि गळ्यावर.

कॉलेजच्या वर्षांत मी मामाकडेच राहायचे. तो जेवायला बसला की हमखास फोन वाजायचा. मामी त्याच्या ताटावर झाकण ठेवायची आणि मामा गॅलरीत जाऊन सुरू व्हायचा. “पुलापाशी आहे म्हणता? सकाळपासून गाडी पुलापाशीच आहे! किती लांब पूल आहे हो तुमचा?” समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही आमच्या चाकांची खडान्‌खडा माहिती असायची.

पुरवठादार थापा मारतात हे मामाला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे त्यांना. शुक्रवारी माल हवा असला तर तो बुधवार सांगायचा. ते बुधवार ऐकून शुक्रवार समजायचे. मग तो सोमवार सांगायला लागला. “धंदा असाच चालतो,” तो म्हणायचा, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

मग खरेदी विभागाला नव्या मॅडम आल्या, मामाची मुलगी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी एका मीटिंगमध्ये सांगितलं की आता स्टोअरमधल्या प्रत्येक पेटीला बारकोड लागेल, कुठला माल किती उरलाय हे पुरवठादारालाही त्याच्या मोबाइलवर दिसेल, आणि निघालेली गाडी कुठे पोचली ते आपल्याला स्क्रीनवर दिसेल. मामा उभा राहिला. “मॅडम, माल काय स्क्रीनमधून उतरणार आहे का?” सगळे हसले. मॅडमही हसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामाचा आवाज गेला. चाकवाल्या ताईंशी फोनवर वाद चालला होता. या ताई नवऱ्याच्या माघारी त्याचं छोटं वर्कशॉप सांभाळत होत्या, आणि आमच्या खाटांची चाकं त्यांच्याकडून यायची. मामा बोलता बोलता एकदम थांबला. तोंड हलत होतं, पण नुसती हवा बाहेर येत होती. पलीकडून ताई विचारत राहिल्या, “हॅलो? साहेब? हॅलो?”

स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. वॉर्डात गेल्या गेल्या मामा खाली वाकून खाटेचं चाक तपासायला लागला, तर नर्सला वाटलं चपला शोधतोय. खाट आमच्याच कारखान्याची होती. ब्रेक नीट लागतोय हे बघूनच तो आडवा झाला.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, “गाठ साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. आणि पुढे ओरडणं बंद. कायमचं.”

“डॉक्टर, हे लेखी द्याल का?” मामीने विचारलं.

हॉस्पिटलात हसलो, पण घरी आल्यावर मामा खचला. दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचा. एकदा त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप करून माझ्यापुढे धरलं. “मुका भोंगा कोण ठेवणार?” मला हसता आलं नाही.

मॅडम घरी आल्या तेव्हा मामीला वाटलं, आता गोड बोलून नारळ देणार. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“काका, मी तीन पुरवठादारांकडे जाऊन आले. मला बघून ते मान डोलावतात आणि मी निघाले की मोबाइल खिशात टाकतात. मला कोणी ओळखत नाही. तुम्हाला सगळे ओळखतात. माझ्याबरोबर चला.”

मामाने गळ्याकडे बोट दाखवलं.

“बोलायचं मी. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा आणि अ‍ॅप कसं चालवायचं ते दाखवा.”

“पण त्यालाच कुठे येतं?” मामी पटकन बोलून गेली.

“मी शिकवते ना,” मॅडम म्हणाल्या, आणि पर्स बाजूला ठेवून तिथेच शिकवायला बसल्या. मामा चुकायचा, त्या परत दाखवायच्या. एकदाही त्यांच्या कपाळावर आठी आली नाही. मी दारातून बघत होते. मीटिंगमध्ये ज्यांची टर उडवली त्यांच्याच समोर मामा शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बटणं दाबत होता.

मग दोघांची फेरी सुरू झाली. स्प्रिंगवाल्या आजोबांच्या शेडमध्ये नेटवर्कच नव्हतं. आपल्याकडे काय माल पडून आहे ते अ‍ॅपमध्ये भरायला त्यांना गच्चीवर चढावं लागे. गुडघे धरून ते चढायचे आणि वरून ओरडायचे, “गेलं का हो?” एकदा स्क्रीनवर गाडी गेटात पोचलेली दिसत होती आणि गेटात गाडीचा पत्ता नव्हता. ड्रायव्हर आपला मोबाइल दुसऱ्याच गाडीत विसरला होता. मोबाइल वेळेवर आला, पाइप दुसऱ्या दिवशी आले. मामाच्या शेजारच्या टेबलावर मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाचं काम या सगळ्यात उरलंच नाही. त्याला दुरुस्ती विभागात पाठवलं. तो बरेच दिवस मामाशी धड बोलला नाही, आणि मामाला ते लागलं.

चाकवाल्या ताईंकडे जायची पाळी आली तेव्हा मामा दारातच घुटमळला. इतक्या वर्षांत त्याने त्यांना पाहिलंच नव्हतं, फक्त आवाजाने ओळखायचा. आत दोन मशिनं, रबराचा उग्र वास आणि चष्मा कपाळावर चढवलेल्या बारीकशा बाई. मॅडमनी ओळख करून दिली तशा ताई दोन पावलं मागे सरकल्या.

“हेच का ते?”

मामाने हात जोडले. मग मोबाइल काढून दाखवू लागला: इथे हिरवं म्हणजे माल वेळेवर, इथे पिवळं म्हणजे उशीर, इथे लाल म्हणजे अडचण. ताई बघत होत्या. लालवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे दाबलं की तुमचा फोन येणार?”

मामाने मान हलवली. नाही.

“खरं सांगू का साहेब?” ताई मॅडमकडे न बघता त्याच्याशीच बोलल्या. “रबर आलं नाही असं सांगितलं की तुम्ही ओरडायचात. गाडी निघाली म्हटलं की दुपारपर्यंत सुटका. माझ्याकडे दोन मशिनं आणि मी एकटी. तेवढा वेळ मला कामाला हवा असायचा.”

त्या रात्री मामाने जेवताना मोबाइलवर टाइप केलं, “मला वाटायचं माझ्या ओरडण्यामुळे माल येतो,” आणि मामीला दाखवलं. मामी म्हणाली, “जेव गरम गरम.”

या सगळ्याची परीक्षा लवकरच झाली. लहान मुलांच्या एका नव्या हॉस्पिटलची ऑर्डर होती, तारीख ठरलेली. ताईंनी आपल्या हाताने लाल दाबलं: रबर आलेलं नाही, आठवडाभर येणारही नाही. पूर्वी ही बातमी लाइन थांबल्यावर कळली असती. आता सकाळीच कळली. मॅडमनी स्क्रीनवर शोधलं तर ट्रॉल्या बनवणाऱ्या आमच्याच एका पुरवठादाराकडे तेच रबर पडून होतं. मामाने त्यांना मेसेज केला, त्यांनी होकार दिला, दुपारी रबर ताईंकडे पोचलं. तोवर लाइनवर साध्या, बिनचाकांच्या खाटा घेतल्या. एकही माणूस रिकामा बसला नाही. मुलांच्या खाटा ठरल्या दिवशी निघाल्या, आणि कारखान्यात कोणीही आवाज चढवला नव्हता. मामा गेटापाशी उभा राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होता.

पुढे आवाज परत आला, पण वेगळाच. मऊ, थोडा घोगरा. पहिला फोन त्याने चाकवाल्या ताईंनाच केला.

“कोण बोलतंय?” ताईंनी विचारलं.

“मीच. खाटांच्या कारखान्यातून.”

“काय थट्टा करता? त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन.”

पटवायला बराच वेळ लागला. पटल्यावर त्या घाबरल्या. “काय अडलं साहेब? स्क्रीनवर तर सगळं हिरवं आहे.”

“काही अडलं नाही. त्या दिवशी लाल दाबलंत ना, त्याचे आभार मानायला फोन केला.”

पलीकडे मशिनचा आवाज बंद झाला. “माझे आभार?” ताई म्हणाल्या. “पुन्हा बोला हो जरा. मशीन चालू होतं, नीट ऐकू आलं नाही.”

मामा पुन्हा बोलला.

आता तो नव्या पुरवठादारांना अ‍ॅप शिकवतो. चुकलं की परत दाखवतो. दुरुस्ती विभागात गेलेल्या मित्राला एकदा स्वतःहून जेवायला बोलावलं. आला, आधी गप्प होता, मग तिथल्या कामाबद्दल भरभरून बोलला. मॅडमची बदली झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मामाला बोलायला उभं केलं. माइक असूनही मागच्यांना नीट ऐकू येईना. सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले.

“मॅडमनी मला शिकवलं,” तो म्हणाला. “मी त्यांना हसलो होतो, तरी शिकवलं. आता मी संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला जातो. आमच्या रस्त्यावर एवढी झाडं आहेत हे मला माहीतच नव्हतं.”

मामी पहिल्या रांगेत होती. ती पदराने डोळे पुसत होती आणि शेजारच्या बाईंना सांगत होती, “झाडांची नावंही मीच सांगते त्याला.”