दुसरा नारळ

जवळ ये गं जरा. वाचतानाही माझ्यापुढं बसलीयस असं समज, म्हणजे मला नीट रागावता येईल. परवा फोनवर हसत हसत सांगत होतीस की तू काम घेतलंयस त्या दोघा भावांच्या बंगल्यात एसी बसवताना भिंत फोडून जादा नळी टाकावी लागणार, एका भावानं हो म्हटलंय, दुसऱ्याला कोण विचारत बसतंय. बंगला दोघांचा आहे ना? मग त्यात हसण्यासारखं काय गं, शहाणे? तुझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. मशिनात सापडली असं आम्ही तुला सांगत आलो. तसं नाही ते.

तेव्हा आमचं आळेफाट्याला दुकान होतं. फ्रीज, दुधाच्या टाक्या, द्राक्षांच्या कोल्ड रूम, थंड करणारं जे असेल ते तुझे वडील दुरुस्त करायचे. ह्यांना चार शब्द बोलायचं जिवावर यायचं, म्हणून मालकाशी बोलणं माझ्याकडं. काम सुरू करताना मालक नारळ फोडतो, हे सगळीकडंच आहे. आमचं आणखी एक होतं. मशीन उघडल्यावर ठरल्यापेक्षा जास्त काम निघालं, तर दुसरा नारळ. जेवढे वाटेकरी असतील त्या सगळ्यांचे हात त्याला लागायचे, मगच तो फुटायचा. फुटला की जादा काम मंजूर. आमच्याकडं कुणी कागद मागितला नाही, आम्ही कुणाकडं मागितला नाही.

एका हंगामात दोघा भावांच्या कोल्ड रूमवर गेलो. गॅस भरायचं साधं काम. उघडून बघतो तर आतल्या कॉइलच्या नळ्याच कुजलेल्या, कितीही गॅस भरा, गळणारच. खोलीत द्राक्षाच्या पेट्या छतापर्यंत आणि बाहेर मार्चचं ऊन. हे म्हणाले, "कॉइल बदलावी लागंल. इचार." धाकटा भाऊ माल घेऊन वाशीला गेला होता. मी थोरल्याला म्हणलं, "भाऊ, धाकल्यांना येऊ द्या. त्यांचाबी हात लागू द्या."

"त्याचा हात कशाला? घरात मोठा कोण हाय, वैनी?" त्यानं एकट्यानंच नारळ दगडावर आपटला. "काढा ती कॉइल."

आम्हाला काय ठाऊक, नुकतीच वाटणी होऊन ती खोली धाकट्याच्या वाट्याला गेली होती. आतल्या पेट्या मात्र थोरल्याच्या होत्या.

दुपारी टेम्पो आला. धाकटा उतरला आणि त्याला अंगणात कापून टाकलेली कॉइल दिसली. तिथलीच लोखंडी नळी उचलून आत आला आणि नव्या कॉइलचे जोड लावत बसलेल्या ह्यांच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडलेलं मी कानानं ऐकलंय, पोरी. ह्यांच्या हातातली जोड तापवायची पेटलेली गॅसबत्ती थर्माकोलच्या भिंतीशी जाऊन पडली. दुसरा घाव ह्यांच्या खांद्यावर. मी आधी सिलिंडरची चावी बंद केली, मग ह्यांच्यावर आडवी पडले. तिसरा माझ्या पाठीत बसला.

"कुणाला इचारून कापली? माझी खोली हाय ही."

थोरला कोयता घेऊन धावत आला. "मी सांगितलं. काय करतूस?" कोयता धाकट्याचा दंड चिरत गेला. धाकट्यानं नळी थोरल्याच्या तोंडावर हाणली. दात फरशीवर पडले. पेट्या कोसळल्या आणि त्या द्राक्षांच्या रगाड्यात दोघं एकमेकांचा गळा आवळत लोळत होते. कोयता सुटून माझ्या पायाशी आला तसा मी तो दाराबाहेर भिरकावला. मागं वळून बघते तर धाकटा थोरल्याच्या छातीवर बसलेला, नळी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर. तो घाव बसला असता तर माणूस गेला असता.

त्याला धरायची ताकद माझ्यात नव्हती. जे आयुष्यभर मालकांना विचारत आले तेच तोंडातून निघालं.

"भाऊ, कॉइल बसवायची का न्हाई? तुमी सांगा. न्हाई म्हणला तर बसवत न्हाई."

तो बघत राहिला. "मला इचारता?"

"खोली तुमची हाय. दुसऱ्या कुणाला इचारू?"

नळी लगेच खाली आली नाही. मग म्हणाला, "ह्या घरात मला माझ्या लग्नाचंबी कुणी इचारलं न्हाई, वैनी."

खालून थोरला रक्त थुंकत बोलला, "लाडू खाताना तर काय म्हणला न्हाईस."

वाटलं, आता संपलं. पण धाकट्याच्या तोंडातून हसल्यासारखं काहीतरी निघालं आणि मग तो रडायलाच लागला. नळी बाजूला टाकली. "बसवा," म्हणाला.

मी पदर फाडून ह्यांचा हात बांधला. त्याच टेम्पोतून धाकट्यानं ह्यांना आणि थोरल्याला दवाखान्यात नेलं. निघण्याआधी मी पिशवीतला नारळ पुढं केला. दोघांनी रक्ताचे हात लावले, एकमेकांकडं न बघता. तो मीच फोडला. उरलेले जोड दुसऱ्या दिवशी मी लावले, हे हात गळ्यात अडकवून शेजारी बसून सांगत होते. हाड वाकडंच सांधलं ते कायमचं.

म्हणून म्हणते, उद्याच त्या दुसऱ्या भावाकडं जा. दोघांना समोरासमोर बसवून विचार. एक जरी नाही म्हणाला तर भिंतीला हात लावू नकोस. आणि मग ये इकडं, लवकर ये, सणाची वाट बघू नकोस. वडिलांना उजव्या हातानं भाकरी मोडता येत नाही, पण तू आलीस की डाव्यानं मोडून आधी तुझ्या ताटात घालतील.