चट्ट्याच्या पोटातला दगड

पावसाळ्यात खाण बंद व्हायची, आणि खाण बंद म्हणजे आमची हजेरी बंद. चार महिने सकाळी नाचणीची आंबील, संध्याकाळी नाचणीची भाकरी, सोबत रानातली मिळेल ती भाजी. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर सपाट तांबडा सडा आहे, त्याच्या कडेला आमची वस्ती. आमच्या आधीच्या माणसांनी तिथं फक्त गुरं चारली. मग कुणीतरी दगड तपासायला नेला, त्यात बॉक्साईट निघालं आणि सडा उकरायला सुरुवात झाली. वडील पहारीनं दगड काढायचे. एका सुरुंगानंतर कडा ढासळला आणि त्यांचा पाय गुडघ्यातून गेला. मी तेव्हा चौथीत होते. तिथून पुढं घर आईच्या हातोडीवर चाललं.

आईचं काम निवडणीचं. पुरुषांनी काढलेला दगड बायकांनी फोडायचा, मातीचा बाजूला टाकायचा, चांगल्याचा चट्टा, म्हणजे चौकोनी ढीग, रचायचा. चांगला कुठला हे आई जिभेनं ठरवायची. ताज्या फोडीला जीभ लावायची आणि चिकटली की फोड भिरकावून द्यायची. "माती हाय ती. माती जीभ धरती," म्हणायची. तिचे ओठ कायम तांबडे. शाळेतल्या पोरी विचारायच्या, "तुझी आई पान खाती व्हय?" मी हो म्हणून सांगायची.

चट्टा पास झाला की ट्रक भरायचे आणि माल कर्नाटकातल्या कारखान्यात जायचा. तिथं त्याचं पुढं काय होतं, हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ते कळलं कोल्हापुरात, बी.एस्सी.ला असताना. केमिस्ट्रीच्या सरांनी एक बाटली फिरवली. आत मिठासारखी पांढरी पूड. म्हणाले, ही ॲल्युमिना, बॉक्साईटपासून काढतात, हिच्यातून पुढं ॲल्युमिनियम होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे आमच्या सड्यावरचं!" वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण पुढंही काही विचारलं नाही.

शिवाजी पेठेत एका घराच्या मागची खोली मला मिळाली होती. पेठेत माणसांना तोटा नाही, सगळे एकमेकांना गल्लीच्या त्या टोकापासून हाका मारणारे. फुटबॉलची मॅच असली की गल्लीच्या गल्ली मैदानावर जायची. मी दार उघडं ठेवून बसायची, कुणी "चल की" म्हणेल म्हणून. तीन वर्षांत कुणी म्हटलं नाही. त्यांचा दोष नाही, मीही कधी उठून गेले नाही. अभ्यास मात्र पुरा झाला, आणि आमच्या वस्तीतली पहिली पदवी माझी झाली. हे मी अभिमानानं सांगते, आणि सांगणारच.

खाणीच्या सॅम्पल रूममध्ये केमिस्टची जागा होती. खाणीचे साहेब म्हणाले, "तीन महिने बघतो. तुमचे आकडे कारखान्याच्या आकड्यांशी जुळले तर ठेवतो. नाही जुळले तर इथं पुन्हा बाईमाणूस घेणार नाही, स्पष्ट सांगतो."

दुसऱ्या महिन्यात आईच्या टोळीचा चट्टा तपासायला आला. टोळीत आमची शेजारीण होती, मी तिला मावशी म्हणायची. आई कामावर असताना हिनंच मला जेवू घातलेलं. पदरातून चार फोडी काढून माझ्या हातात देत म्हणाली, "हे घे सँपल. लई झ्याक हाय."

"मावशी, असं नाही चालत. सगळीकडचा घ्यावा लागतो."

"अगं, सगळीकडं सारखंच हाय की!"

मी गड्याला चट्टा मधोमध उकरायला सांगितला. बायका उठून उभ्या राहिल्या. बाहेरच्या बाजूला निवडक दगड होता, पोटात फिकट, मऊ. मावशी म्हणाली, "कालिजात पावडर लावायला शिकलीस, आता दगूडबी गोराच दिसायला लागला व्हय तुला?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

दगड कुटून ढीग केला, चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले. असं करत मूठभर पूड उरली. ॲसिड, गाळण, भट्टी, वजन. सिलिका जास्त, म्हणजे मातीच जास्त. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून सगळं परत केलं. तोच आकडा. मी 'नापास' लिहिलं आणि सही केली. त्या सहीचा अर्थ होता की आई आणि तिच्या टोळीनं अख्खा चट्टा मोडायचा आणि पुन्हा निवडायचा.

दुसऱ्या दिवशी आईनं पोटातली एक फोड उचलली, जिभेला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माती हाय. घाईघाईत आपूनच घातली. पोरीनं बरोबर लिवलंय."

मावशी म्हणाली, "तुझी पोरगी हाय, तू म्हणणारच."

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत टोळी आंब्याखाली बसायची, आणि मी तिथं गेले की बोलणं थांबायचं. चार-पाच दिवस गेले, मग जायचं सोडलं. सॅम्पल रूममध्ये ताटली ठेवायला जागा नव्हती. खिडकीत उभी राहून भाकरी खायची. खालून आईचा आवाज यायचा. ती टोळीबरोबरच बसायची. मी तिला वर ये म्हटलं नाही, कारण तिला उद्याही त्यांच्यातच दगड फोडायचा होता. घरी आम्ही दोघी खाणीबद्दल बोलत नव्हतो.

तिसरा महिना संपताना कारखान्याचा कागद आला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचली. माझी सगळी सॅम्पल जुळली होती, नव्यानं निवडलेला आईच्या टोळीचा चट्टाही. "उद्यापासून कायम," एवढंच म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा सांगायला जवळ कुणी नव्हतं. ट्रकवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं की, ताई," आणि गाडी काढली.

पुढं सड्यावरचा माल संपत आला आणि खाण बंद पडली. तोवर मी तिथं केमिस्ट होते. माझ्या सहीनं गेलेला एकही ट्रक कारखान्यानं परत पाठवला नाही.