बर्फातला माग

सकाळी जतहून विट्याची एसटी पकडली. सिदाप्पा खिडकीशी बसला, मांडीवर घोंगडं. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला हा माझा शेजारी. त्याचा मुलगा मायाप्पा माझा चित्रकलेचा विद्यार्थी. फौजेत गेला आणि गेल्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळून त्याखाली गाडला गेला. शोध थांबला, सरकारी कागद आला, देह आला नाही. उत्तरकार्य उरकू, दिवस घालू म्हणून घरचे मागे लागले, पण याचं एकच: "माग लागल्याबिगर न्हाई." चुकलेलं मेंढरू यानं माग काढत पार कर्नाटकातून परत आणलेलं. त्याला कोण समजावणार?

एकदा त्यानं विचारलं, "मास्तर, बरफ असतंय तरी कसं?" माझ्या जिभेला हाड नाही. औंधच्या मित्राकडं बर्फाचं जपानी चित्र आहे, फार देखणं, असं बोलून बसलो. त्यानं तोच ध्यास घेतला.

विट्याला पुढची गाडी चुकली. ऊन रणरणत होतं. मी भाकरी-ठेच्याचं फडकं सोडलं.

"सिदाप्पा, दोन घास खा की."

"जात न्हाई, मास्तर."

मी मात्र खाल्लं. लाज वाटली, पण भूक होती.

औंधला मित्रानं ट्रंकेतून चित्र काढलं, लाकडी ठशांनी छापलेलं. पांढरे डोंगर, वाकलेली झाडं आणि गवती टोपी घातलेला एकटा वाटसरू. सिदाप्पाचं बोट कागदाला न टेकता वाटसरूपासून मागं मागं सरकत गेलं.

"ह्यो चालत आलाय. मग पावलं कुटं हायत?"

"बर्फ पडतोय ना," मित्र म्हणाला. "पाऊल उमटलं की लगेच बुजतं."

"आन ह्यो पांढरा रंग?"

"रंग नाही तो. कोरा कागद. तिथं काही छापलेलंच नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

सिदाप्पानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. समोरच्या यमाईच्या देवळाच्या डोंगराकडं त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मित्र चहा घ्या म्हणत राहिला.

परतीच्या वाटेवर कवठे महांकाळ मागं पडलं. मग त्यानं खिशातला मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"समद्या पाव्हण्यास्नी कळवा. येत्या सोमवारी दिवस हायत."

वर्गात वर्षानुवर्षं मी त्या चित्राचं कौतुक सांगत आलो. ती कोरी जागा मला कधी दिसलीच नव्हती. 'मायाप्पा' लिहिलं. त्याच्या आधी 'कै.' लावायचं होतं. बोट उठेना.

"लिवलं का, मास्तर?"

"लिहितोय," मी म्हणालो.