नखाची टकटक

बसस्टँडच्या कोपऱ्यातली ती खोली एवढी अरुंद होती की आत एक खुर्ची, एक टेबल आणि एक बाई मावायची. चौथी वस्तू आणली तर बाईला बाहेर उभं राहावं लागलं असतं. टेबलावर वाकड्या मानेचा जुना माइक. तो जिवंत आहे की मेला हे बघायला बाई आधी नखानं दोनदा टिचकी मारायची. टक, टक. मग घसा साफ करून म्हणायची, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

साऱ्या गावाला त्या टकटकीची सवय झाली होती. पुढचं वाक्य यायच्या आतच माणसं उठायची, पिशव्या उचलायची, पोरांचे हात धरायची. पडदा अजून हललेला नाही, नुसती घंटा झाली आणि प्रेक्षागृह गप्प झालं, अगदी तसं. बाईचा चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता. आवाज मात्र घरच्या माणसाचा होता. पोरंटोरं तिला लक्षताई म्हणायची, पुढे मोठेही तेच म्हणू लागले.

घरी सासूबाई तर सुनेनं ताटावर चमचा वाजवला तरी अर्ध्या उठायच्या. “अगं, सवय आहे मेली,” म्हणत पुन्हा बसायच्या. पिशवी त्यांची कायम भरलेली असायची. औषधं, चष्मा, एक जादा साडी. कुठे जायचं नसायचं, पण आपण तयार असलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

मग स्टँडवर घोषणा करणारं यंत्र आलं आणि लक्षताईला पास विकायच्या खिडकीत बसवलं. तिथून ती निवृत्त झाली. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. पाण्याच्या उंच टाकीखालच्या गल्लीत सासू-सून दोघीच राहायच्या. वॉर्डाची निवडणूक लागली तेव्हा गल्लीतल्या बायकाच दारात आल्या. “ताई, तुम्ही उभ्या राहा. तुमचं बोलणं तरी कळतं.”

तिनं प्रचार केला तो हातातल्या फोनवरून. सभा नाही, हार नाहीत. रोज सकाळी वॉर्डाच्या ग्रुपवर तिचा आवाज यायचा, तोही स्टँडच्या थाटात. “टाकीखालच्या गल्लीत येणारी कचरागाडी आज उशिरा धावत आहे. प्रवाशांनी, म्हणजे कचऱ्यानं, घरातच थांबावे.” लोक हसायचे आणि पुढे पाठवायचे. विरोधी उमेदवाराचे मोठमोठे फलक चौकाचौकांत उभे होते. त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघेना.

शेवटच्या आठवड्यात तिचा घसा बसला. पार फुटक्या पिपाणीसारखा. तेव्हा दीर पुढे झाला. त्याचा जाहिराती रेकॉर्ड करायचा छोटा स्टुडिओ होता आणि जिभेवर कायम साखर.

“वहिनी, तुम्ही आता गरम पाणी प्या आणि गप्प बसा. स्टँडच्या जुन्या टेप माझ्याकडे आहेत. त्यावरून कॉम्प्युटर तुमचा आवाज शिकेल. प्रत्येक मतदाराला नावानं फोन जाईल.”

तिनं मान हलवली. हरायची भीती वाटत होती, आणि भीतीत माणूस कुठेही सही करतो.

संध्याकाळी त्यानं ऐकवलं. आवाज तिचाच, पण तरुण, धुतलेला. मध्ये कुठे श्वास नाही. आपणच पलीकडच्या खोलीतून बोलतोय आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही, असं तिला वाटलं.

“माझी टकटक कुठाय?” तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

“ती काढली. कचरा होता तो, वहिनी.”

ती निवडून आली. नगरपालिकेचे अध्यक्ष तिला तिकीट देणाऱ्या पक्षाचेच; त्यांनी पेढा भरवला, खांद्यावर हात ठेवला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती दिराला म्हणाली, “आता ते बंद कर.”

“करतो की,” तो म्हणाला.

कामाला ती वाघीण निघाली. फुटलेल्या गटाराचा फोटो ग्रुपवर टाकायची आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज तोच फोटो पुन्हा टाकायची. बांधकाम विभागातले लोक तिचा नंबर दिसला की कपाळाला हात लावायचे. दिवस बरे चालले होते. मग गल्लीतल्या चांभाराची बायको रस्त्यात भेटली.

“ताई, काल ह्यांना वाढदिवसाचा फोन केलात. दीर्घायुषी व्हा म्हणालात.”

“अगं, मी?”

“हे जाऊन महिना झाला, ताई. तुम्ही तर खांदेकऱ्यांना पाणी दिलं होतंत.” बाई रागावली नव्हती. तेच जास्त लागलं. “पण मी फोन कापला नाही. कोणीतरी त्यांचं नाव घेतंय, असं वाटलं.”

लक्षताई तशीच स्टुडिओत गेली. दीर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. “माझ्या हातात काय आहे, वहिनी? आवाज आता पक्षाच्या ऑफिसात असतो. तुम्ही निवांत राहा, तो काम करतोय.”

त्यानंतर गल्लीत कोणी तिच्याकडे बघून हसलं, की आपण काल याला काय बोललो असू, हाच विचार तिच्या मनात आधी यायचा.

आणि मग टाकी. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली ती टाकी रंगवून नवी म्हणून उभी केली होती. उद्घाटनाच्या पाटीवर लक्षताईचाही फोटो होता. एका सकाळी गल्लीच्या बाजूच्या खांबाला तिला चीर दिसली. तिनं बोट घातलं. बोट ओलं झालं. त्याच दिवशी टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरायची होती.

तिनं अध्यक्षांना फोन लावला. “भरणं थांबवा. खालची माणसं हलवायला हवीत.”

“ताई, रंगाचा पोपडा असेल. इंजिनियरनं बघितलंय. उगाच लोकांना घाबरवू नका, पाटीवर तुमचाही फोटो आहे.”

तिनं ग्रुपवर निरोप टाकला, ‘घरं सोडा, मैदानात जमा.’ कोणी तो ऐकतंय न ऐकतंय, तोच घराघरांतले फोन वाजले. तिचाच आवाज, तरुण, गोड. टाकी संपूर्ण सुरक्षित आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. घरीच थांबा.

ती दारोदार फिरली. इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री उभी केली. “ताई, एकदा म्हणता निघा, एकदा म्हणता थांबा. आम्ही कपडे घडी घालू की सामान बांधू?”

“फोनवरची मी नाही रे. ही मी आहे, तुझ्यापुढे उभी.”

“ते खरं. पण फोनवरची जरा शांत बोलते,” तो ओशाळून म्हणाला आणि पुन्हा शर्टाकडे वळला.

डोक्यावर पाणी चढत होतं. पाइपातून त्याची घरघर ऐकू येत होती. चिरीतून एक ओली रेघ खांबावरून खाली उतरत होती.

गल्लीच्या तोंडाशी विरोधी उमेदवाराच्या प्रचारातली रिक्षा उभी होती. टपावर भोंगा अजून तसाच. रिक्षावाल्याकडून तिनं माइक मागून घेतला. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणारी बाई आज कोणी ऐकली नसती. तिनं नख वाकवलं.

टक, टक.

गल्लीत काहीतरी हललं. दारातून पहिल्या बाहेर आल्या त्या सासूबाई, पिशवी घेऊन. मग चांभाराची बायको. इस्त्रीवाल्यानं प्लग ओढला. लक्षताईनं घसा साफ केला. आवाज चिरका, म्हातारा, मध्ये मध्ये श्वास लागलेला. “टाकीखालून सुटणारी गाडी फलाट सोडत आहे. सर्व प्रवाशांनी त्वरित मैदानाकडे निघावे.” माणसं निघाली. का निघालो, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुपार कलताना गल्लीकडचा खांब बसला. टाकीची एक बाजू घरांवर आली. लक्षताईचं स्वयंपाकघर उरलं नाही. माणूस एकही गेला नाही. उरलेली अर्धी टाकी मात्र तिरकी होऊन तीन पायांवर उभी राहिली, अजून पाणी पोटात घेऊन.

सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं. दीर बिस्किटांचे पुडे घेऊन आला. वहिनीच्या पाया पडला, डोळे पुसले. “मी रिक्षामागेच होतो. सगळं रेकॉर्ड केलंय. ती टकटक, वहिनी. काय जादू आहे तिच्यात. मी उगाच कचरा म्हणत होतो.”

तिला हसू आलं नाही. “पुसून टाक ते.”

“टाकतो की,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी अध्यक्ष येऊन गेले. वरून पाहुणे पाहणीला येणार होते आणि हॉलभर अंथरुणं पसरलेली बरी दिसत नव्हती. “लोकांना घरी जाऊ द्या ना, ताई.”

“टाकी उतरवल्याशिवाय एकही जण जाणार नाही,” ती म्हणाली. त्यांनी वाद घातला नाही. नुसती मान डोलावली आणि गेले. वाद न घालणाऱ्या माणसाची तिला फार धास्ती वाटली.

दुसऱ्या सकाळी ती चहात पाव बुडवून खात होती. घास तोंडात होता. तेव्हा हॉलमधले सगळे फोन एकदम वाजले.

टक, टक.

मग घसा साफ केल्याचा आवाज. मग तोच चिरका, म्हातारा आवाज, मध्ये श्वास घेऊन, थकून. “टाकीखालच्या गल्लीतल्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गल्ली आता सुरक्षित आहे. सर्वांनी आपापल्या घरी परतावे.”

हॉलभर चटया गुंडाळल्या जाऊ लागल्या. इस्त्रीवाल्यानं पोराचा हात धरला. लक्षताई धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. घास अजून तोंडातच होता.

सासूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, खांद्याला पिशवी. त्यांनी सुनेच्या गालावर प्रेमानं हात ठेवला.

“सरक गं बाजूला,” त्या म्हणाल्या. “तूच बोलावतेयस ना.”