शिंगातली माती

भाद्रपदातल्या सकाळी आमच्या उतारावर धुकं इतकं निवांत बसलेलं असे, की त्याला उठवायचं धाडस उन्हालाही होत नसे. खालून सावित्रीचा नुसता आवाज यायचा, नदी दिसायची नाही. पोलादपूरकडून घाट चढणारी एसटी त्या पांढऱ्या पडद्याआड कुठंतरी कण्हत जायची, आणि भोवताली दरवळत असायचा भिजल्या गवताचा, ताज्या शेणाचा, कुजत आलेल्या पाल्याचा एक उबदार गंध. कुजण्यालाही सुगंध असतो, हे शहाण्यासुरत्या माणसांना सांगून पटत नाही. मलाही आधी पटलं नव्हतं! पण त्या गंधात उभं राहिलं की वाटायचं, आपण जागे आहोत की कुणाच्या तरी स्वप्नात खुरपं घेऊन उभे आहोत?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. महाड-पोलादपूरच्या मधल्या त्या डोंगरावर दहा-बारा माणसांनी मिळून एक वसाहत उभी केली होती. एक स्वयंपाकघर, एक गोठा, एक विहीर, आणि उतारावर कापून काढलेल्या बांधबंदिस्त वाफ्यांची बाग. जेवायला सगळे एका पंगतीत बसत, पाणी सगळ्यांना एकाच माठातलं. तुम्हांला यात काय विशेष, असं वाटेल. मी महाडच्या बौद्धवाडीतली. माझ्या आजोबांनी पाण्यासाठी काय सोसलं ते ऐकत मोठी झालेली. त्या माठातून पहिल्या दिवशी पाणी घेताना माझा हात उगीचच क्षणभर थबकला होता. कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्या न पाहण्यानंच मी त्या जागेच्या प्रेमात पडले.

बागेचे कर्तेधर्ते होते नाना. साठीचे, सडपातळ, पुण्याचे. परदेशात राहून ते 'बायोडायनॅमिक' नावाची शेती शिकून आले होते. तो शब्द आमच्या जिभेला झेपेना, म्हणून आम्ही तिला चांदण्यांची शेती म्हणायचो. चंद्र वाढता आहे की उतरता, तो कुठल्या राशीतून चालला आहे, हे पाहून नाना मुळा पेरायचे आणि पालेभाजी खुडायचे. गावातले शेतकरी गालातल्या गालात हसत. मृग लागला, आर्द्रा गेली, हे पाहूनच ज्यांच्या सात पिढ्यांनी नाचणी पेरली, त्यांना या म्हाताऱ्यानं सातासमुद्रापार जाऊन काय नवल शिकून आणलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! नाना स्वतःही त्या हसण्यात सामील होत. पण वाफ्यापाशी वाकले की त्यांचा चेहरा असा होई, की आपलंही हसू आपोआप मावळावं. माती ही वस्तू नव्हे, ती झोपलेला जीव आहे, असं ते मानत आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत.

मी त्यांची शिष्या. अध्यापिका व्हायचं सोडून बागकाम शिकायला निघालेली मुलगी म्हणजे आमच्या वाडीत एक नवलच होतं. कारण सांगू? आमच्या घराण्यात मातीत राबलं नाही असं कुणी नव्हतं, पण हा वाफा माझा, यात काय लावायचं ते मी ठरवणार, असं म्हणण्याची मुभा कुणालाच मिळाली नव्हती. इथं नानांनी मला तीन वाफे दिले आणि म्हणाले, "सुमन, यात तुझं मन." त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. मला तिथंच राहायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीच नको होतं.

त्या शेतीतलं सर्वांत अद्भुत काम शिंगाचं. गायीच्या पोकळ शिंगात ताजं शेण भरायचं, पाऊस सरला की ते जमिनीत पुरायचं आणि हिवाळाभर विसरून जायचं. चैत्राच्या तोंडाशी ते उकरलं, की आतल्या शेणाची काळी भुसभुशीत माती झालेली असते. तिची चिमूट पाण्यात तासभर घुसळायची आणि संध्याकाळी वाफ्यांवर शिंपडायची. नाना म्हणत, हिवाळाभर आकाश त्या शिंगात उतरत असतं. खरं होतं का ते? कोण जाणे! पण ऐकताना मला ते खरंच वाटायचं.

शिंगं मात्र आमच्याकडे नव्हती. एका धुक्याच्या सकाळी नाना अगदी मायेनं मला म्हणाले, "सुमन, तुमच्या लोकांकडे असतील की. दोन-चार घेऊन येशील?" मी आनंदानं हो म्हटलं. काम शिकायची एवढी घाई झाली होती, की त्या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे हे मनाच्या दारापर्यंतसुद्धा आलं नाही. एसटीच्या खिडकीतून हिरवे डोंगर पाहत, नदीला सोबतीला घेत, मी तुडीलला आत्याकडे पोचले.

आत्या भाकऱ्या थापत होती. माझं बोलणं ऐकलं आणि तिचा हात परातीतच राहिला. "शिंगा? आमच्याकडं? आगो, मेलेली ढोरं वढायची आमी कवाच सोडली. तुझ्या आज्यानं सुरी नेऊन सावित्रीत टाकली, म्हायत नाय तुला? त्यापायी गावानं वाळीत टाकलं, उपाशी ऱ्हायलो, पन हात नाय लावला परत. आन तू शिंगा मागाया आलीस?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चुलीवर आधण ठेवलं आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चा पी नि जा गो. तुज्या बापाला नाय सांगत." मला फार लागलं. मी ज्यांच्याबरोबर एका माठातलं पाणी पीत होते, त्यांनाही शिंग म्हटल्यावर आमचीच वाडी आठवली होती. आणि त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हेच अधिक बोचत होतं. वैऱ्याचा घाव माणूस ढालीवर घेतो, मायेच्या माणसापुढे ढाल कशी धरायची?

संध्याकाळी पंगतीत मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य नीट आलं. "मला इथं राहायचं आहे, नाना. पण शिंगं आणून देणारी म्हणून नाही." नानांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते म्हणाले, "मी एवढी पुस्तकं वाचली गं, आणि हे मला सुचलं नाही." त्यानंतर शिंगाचा विषय निघाला नाही. मी मात्र आता जावं की राहावं, या विचारात माझे तीन वाफे खुरपत राहिले.

पितृपक्षात आमची म्हातारी गाय, कपिला, गेली. गोठ्याशी सगळे गोळा झाले आणि तिथंच खिळून उभे राहिले. आता पुढं काय करतात, हे त्या सुशिक्षित माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. एकजण हळूच म्हणाला, "खालच्या वाडीतून कुणाला बोलवावं का?" नानांनी नुसती मान हलवली, धोतर खोचलं आणि दोर आणला. दहा माणसांनी ओढत तिला आंब्याखाली नेलं. खड्डा खणताना तळहात फुटले, एक-दोघांना ओकाऱ्या झाल्या. शिंगं नानांनी स्वतः कापली, फार वेळ लागला आणि ते रडत होते. मी दूर विहिरीच्या काठावर उभी होते. मला कुणी हाक मारली नाही, आणि त्या दिवशी त्यांनी मला दिलेला तो सर्वांत मोठा मान होता. कोजागरीला, आतली हाडं सुटून मोकळी झालेली ती दोन शिंगं त्यांनी भरली आणि माझ्या वाफ्यांच्या वरच्या बांधाशी पुरली. तेव्हाही मी हात लावला नाही.

मग आला तो दीर्घ, निळा हिवाळा. सावित्रीचं पाणी निवळलं, डोंगर कडांशी धारदार झाले, दंवानं कोथिंबिरीचे वाफे सकाळी रुपेरी दिसू लागले. पाणी घालताना माझं लक्ष त्या बांधाकडे जाई. जमिनीखाली, अंधारात, कुणाचंही न ऐकता काय चाललं असेल? हीन म्हणून ज्याला दूर लोटलं, त्याचीच तिथं सुपीक माती होत असेल, तर तिला ते कोण शिकवतं? आणि माणसाच्या मनालाही असंच काही दिवस अंधारात, निजून, बदलता येतं का?

मार्चमध्ये शिंगं उकरायचा दिवस आला आणि त्याच सकाळी आबा, माझे वडील, येऊन उभे राहिले. आदल्या दिवशीच पाण्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनाला आमचे सगळे चवदार तळ्यावर जमले होते. तिथं आत्याला राहवलं नव्हतं, तिनं शिंगांचं आबांना सांगून टाकलं होतं. शाळेतली कारकुनी करणारे आबा तोलूनमापून बोलत. सणाचा पांढराशुभ्र सदरा अजून अंगावर होता. "सामान बांध," एवढंच म्हणाले.

नाना पुढं आले. "चूक माझी होती," म्हणत त्यांनी कपिलेचं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. आबांनी शांतपणे विचारलं, "गाय ओढली कोणी?" "आम्ही सगळ्यांनी." "आणि ही?" "ती विहिरीपाशी उभी होती." आबा बांधाशी आले. माती उकरून झाली होती, खड्ड्यात दोन शिंगं दिसत होती, आणि माझ्यासमोर ती उचलायला कुणीच वाकत नव्हतं. आबा कितीतरी वेळ खड्ड्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमे, तुझ्या आज्यानं सुरी टाकली, कारण ती त्याच्या हातात दुसऱ्यांनी दिली होती. तुला हे शिकायचं असेल तर उचल. नसेल तर चल माझ्याबरोबर. पण यांनी सांगितलं म्हणून नको, आणि मी सांगतो म्हणूनही नको."

वारा पडला होता. खालून नदीचा आवाज येत होता. आयुष्यात मला इतकं मोकळं आणि इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. मी गुडघे टेकले, शिंग उचललं आणि तळहातावर हलकेच आपटलं. काळी, ओलसर माती हातात आली. तिला शेणाच्या वासाचा मागमूसही नव्हता. मी ती आबांपुढे धरली. त्यांनी हात लावला नाही. वाकून वास मात्र घेतला, आणि पुन्हा एकदा घेतला.

मग सदरा सारखा करत ते वाटेला लागले. वळणावर थांबून, मागं न पाहता म्हणाले, "तुझ्या आईला सांगतो, पोरगी कामात होती."