कडब्याच्या गाडीची उंची

मी पुलांचं काम करतो. काँक्रीट ओतायच्या आधी लोखंडी पत्र्यांचा साचा उभा करतात, ते शटरिंगचं काम. नववीतून शाळा सोडली तेव्हापासून हेच. सध्या राजस्थानात आहे. इथला नवा महामार्ग जिथं एखाद्या गावाची वाट कापतो, तिथं आम्ही रस्त्याखालून बोगदा करून देतो. काम उरकलं की गावातल्या बाया डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन त्यातून जायला लागतात. मी हातातलं काम सोडून बघत बसतो. मुकादम ओरडतो, पण बघितल्याशिवाय राहवत नाही.

कारण असाच एक रस्ता आमच्याकडं, परभणी जिल्ह्यात झरीच्या बाजूनं झाला. आमचं घर एकीकडं राहिलं आणि शेत दुसरीकडं.

घर ते शेत ही आमची पांदण. दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी धरायची की चप्पल हातात घेऊन शाळेत जायचं. पण फाल्गुनात ज्वारी निघाली की हीच पांदण वेगळी दिसायची. माझे वडील, आबा, गाडीवर उभे राहून कडबा रचायचे, आई आणि दादा खालून पेंढ्या फेकायचे. गाडी इतकी उंच आणि रुंद व्हायची की मागून बैल दिसायचेच नाहीत, कडब्याचं घर चालल्यासारखं वाटायचं. दोन्हीकडच्या बाभळी त्याला ओरबाडायच्या. मग पुढं महिनाभर काट्यांना ज्वारीची वाळकी पाती लटकलेली असायची. वाऱ्यावर ती सळसळायची. कोणाची गाडी किती उंच गेली ते त्या पात्यांवरून सगळ्या गावाला कळायचं, आणि आमची पाती सगळ्यांत वर असायची. आबांना त्याचा फार तोरा.

आज मला इथं वाळूत सगळ्यांत जास्त काय आठवत असेल तर ती सळसळ. आईच्या भाकरीआधी ती आठवते, हे आईला सांगत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन आला.

“आरं, आपल्या पांदनीला बोगदा मंजूर झालाय बग. खड्डा खंदायलेत.”

“किती उंचीचा?”

“तीन मीटर म्हनायलेत. लय मोठा हाय न्हाई का?”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. तीन मीटर म्हणजे दहा फूट. आबांची कडब्याची गाडी बाराला भिडते. हे माप मी रोज हातानं उभं करतो, मला वहीत बघायची गरज नव्हती.

“दादा, तीन मीटर माणसं आन् जनावरांसाठी देतेत. गाडीसाठी चारचा असतोय. आपल्याला तीनचा कामून दिला?”

मग आईचा आवाज आला, फोन तिनं ओढून घेतला होता. “तुज्या बापाला इचार. मोजणीवाले आल्ते तवा हेच पुढं पुढं करायलते.”

झालं होतं ते असं. दीड-दोन वर्षांपूर्वी मोजणीची माणसं पांदणीवर आली. त्यांनी विचारलं, “इथून काय काय जातं?” आमच्याकडं टेप घेऊन कोणी सरकारी माणूस आला की कमी सांगायचं, ही पद्धत निजामाच्या जमाबंदीपासूनची. आबांच्या आबांनी त्यांना तेच शिकवलेलं. जास्त सांगितलं की जास्त लिहिलं जातं, आणि जास्त लिहिलं की आपलंच काहीतरी जातं. तेव्हा आबा हात जोडून म्हणाले, “काय न्हाई साहेब. दोन-चार मानसं, शेरडं, येखांदं जनावर.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. साहेबांनी तसंच लिहून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं?

वळसा घालायचा तर पुढचा बोगदा चार-पाच किलोमीटरवर, आणि बैलगाडीनं तो महामार्गावरून गाठायचा. म्हणजे कडबा घरी येत नाही. कडबा नाही तर बैल ठेवता येत नाहीत. आणि दावणीला बैल नाहीत असे आबा मला डोळ्यांसमोर आणता येईनात.

दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. एक पत्रा तिरका बसवला. आमचे इंजिनिअर साहेब ओडिशाचे, माझ्यापेक्षा लहान. ते रागावले नाहीत, बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं. सांगायला मला जड गेलं, कारण ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच्यापुढं घरचं रडगाणं कसं गायचं? ते म्हणाले, “भिंती उभ्या राहायच्या आत अर्ज गेला पाहिजे. वरचा स्लॅब ओतला की देवही उंची वाढवणार नाही. आणि नुसतं सांगू नका. भरलेली गाडी उभी करून मोजून दाखवा.”

अर्जात काय काय पाहिजे ते त्यांनी हिंदीत सांगितलं, मी मराठीत लिहिलं. चार कागद फाडले, पाचव्याचा फोटो दादाला पाठवला. शाळा सोडल्यानंतर रजेच्या चिठ्ठीपलीकडं मी काही लिहिलेलं नव्हतं. अजून आठवलं की वाटतं, त्या माणसाचे उपकार कसे फेडावेत. ते मात्र नंतर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

ग्रामपंचायतीचा ठराव झाला, अर्ज गेला, महामार्गाचे साहेब बघायला येणार असं कळलं. पण भरलेली गाडी आणायची कुठून? दिवस दसऱ्याचे, कडबा फाल्गुनातला. मग गावानं आपापल्या गंजीतून पेंढ्या काढल्या. बैलांच्या तोंडचा चारा काढून गाडी भरली. पुतणीनं मला व्हिडिओ कॉल लावला. मी साच्याच्या सावलीत बसून बघत होतो.

“आबा, गाडीचं लगीन हाय का वं?” कोणीतरी ओरडलं.

“व्हय, तू करवला व्हय,” आबा वरून म्हणाले. सत्तरीचा माणूस, पण रचायला दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

दादानं खालून सांगितलं, “आबा, आनखी दोन थर टाका. उंच दिसू द्या.”

“न्हाई,” आबा म्हणाले. “येकदा कमी सांगून बसलोय. आता जास्ती सांगायला लावायलास का? हाय तेवढीच भरतो.”

“त्या दिवशी ह्ये शानपन कुटं गेल्तं?” आई कडेवरून बोलली. सगळे हसले. आबा हसले नाहीत. फोन हलत होता, तरी मला त्यांचं तोंड दिसलं. त्यांनी पेंढी दाबून बसवली आणि पुढच्या पेंढीसाठी नुसता हात पुढं केला.

साहेब आले. त्यांच्या माणसानं मापाची लांब पट्टी गाडीला लावली. आबा गाडीवरून उतरून हात जोडायला गेले, तर साहेबच म्हणाले, “बाबा, तुम्ही वरच थांबा, तुम्हालाही मोजायचंय.” माप निघालं तीन मीटर सत्तर. आबा धरून पाचच्या वर. “माणूस वर बसतो का?” साहेबांनी विचारलं. आबांनी खरं ते सांगितलं, “येताना न्हाई साहेब. येताना मी बैलाम्होरं चालतो.” मी इकडं कपाळावर हात मारला. पण बरंही वाटलं.

त्यानंतर महिना-दीड महिना काहीच कळलं नाही. मी रोज फोन करायचो. दादा वैतागला. “आरं, त्यांचं काम हाय ते. तू तिकडं बसून काय उचलून धरनार हायस?” खरंच होतं. पण मला झोप लागेना. मंजूर झालं तरी माप चुकायची भीती, नाही झालं तरी बैल जायची भीती.

मंजूर झालं. चार मीटर. भिंती झाल्या, वर स्लॅब ओतला. त्या दिवशी मी जाणार होतो, पण इथंही स्लॅब होता.

यंदा फाल्गुनात दुपारी फोन वाजला. आबांचा. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून हातातला पत्रा तसाच खाली ठेवून उचलला. पलीकडून घुमणारा आवाज आला, चाकाचा करकर आवाज आला, आणि आबा मोठ्यानं म्हणाले, “बोगद्यातूनच बोलायलोय. गाडी निगाली बग. वर फूटभर जागा ऱ्हायली.”

माझ्या तोंडात आलं ते कामाचंच. “आबा, स्लॅबला पानी नीट मारलं व्हतं का वं?”

“मारलं की. त्यांचा टँकर व्हता रोज,” आबा म्हणाले. “आन् तुजी माय पन येक घागर वतून आली. कोन नगं म्हनतंय तिला?”